आपली मान, त्यांची मान

१६ सप्टेंबर

राली गेली. विमान दुपारी उडालं. मी घरी आले आणि भांडी घासली.

ही वही तिचीच आहे, गणिताची. पुढची पानं आकड्यांनी भरलेली, मागची कोरी. जाताना माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "आई, तू फोनवर ओरडतेस. ओरडायच्या आधी यात लिहून काढ. त्यातून उरेल ते मला ऐकव." मी सातवी शिकलेली बाई, मला लिहायला सांगते. शहाणी! पण लिहिते आहे. बघू किती दिवस.

सकाळी दारात पाणी सांडलं. माझी नणंद झ्लाटका तांब्याचं भांडं घेऊन आधीच उभी. वाट पाण्यासारखी सरळ वाहावी म्हणून जाणाऱ्याने सांडल्या पाण्यावर उजवा पाय टाकून निघायचं. राली उंबऱ्यावर थबकली, पायांकडे बघितलं आणि कडेने वळसा घालून गेली. बूट नवे होते, पांढरे.

झ्लाटकाने लगेच छातीवर क्रूस काढला. "वहिनी, पाण्यावर पाय नाही टाकला गं तिने!"

मी म्हटलं, "बूट मी घेतलेत, तू नाही. गप्प बस."

इंग्लंडातल्या त्या शाळेचं नाव घेताना माझी जीभ दातांत अडकते. मी मोठी शाळा म्हणते. आमच्या गावातून लोक बाहेर जातात ते टोमॅटो खुडायला नाहीतर परक्या म्हाताऱ्यांची ढुंगणं धुवायला. शिकायला, तेही अशा ठिकाणी, आजवर कोणी गेलेलं नाही. माझा नवरा मिन्चो असता तर गावभर दारू पाजली असती त्याने. तो गेला तेव्हा राली नऊ वर्षांची होती.

२१ सप्टेंबर

आज माझं डोकं फिरलं होतं. सकाळी दार उघडते तर गेना आजी उकडलेल्या गव्हांची ताटली घेऊन उभी, डोळ्यांना रुमालाचं टोक लावलेलं. "दोन्का, पोरी, कसं गं झालं हे? एवढी गुणाची पोर!"

कोण मेलं ते मला कळेना. ती म्हणाली, राली.

मी तशीच चपला घालून धावले. बेकरीच्या भिंतीवर, जिथे आपण मेलेल्यांचे कागद लावतो, तिथे मधोमध माझी राली. गावच्या शाळेने फोटो छापलाय, खाली लिहिलंय "आमचा अभिमान". शिपायाने नेऊन तिथेच डकवला. का, तर गाव रोज तीच भिंत वाचतं. एका बाजूला सुतार, चाळीस दिवस झालेला. दुसऱ्या बाजूला टपालवाल्याची आई, वर्षश्राद्धाची.

म्हातारीला म्हटलं, "आजी, चष्मा लावत जा! यांची चौकट काळी आहे. हिची निळी आहे, निळी!"

"मला काय गं, चौकट दिसली," म्हणाली. गहू परत न्यायला तयार नाही. मेलेल्याचं अन्न परत नेत नाहीत म्हणे. मी कोंबड्यांना घातले.

झ्लाटका म्हणते तो कागद काढ. मी का काढू? सगळं गाव बघतंय. राहू दे.

७ ऑक्टोबर

आज राली तासभर बोलली. जेवायची खोली चर्चएवढी, भिंतींवर मेलेल्या मास्तरांची मोठमोठी चित्रं, आणि जेवताना काळा झगा घालायचा. मी म्हटलं, "झग्याला रस्सा लागला तर?" म्हणाली, "आई, रस्सा नसतोच गं. कोरडं असतं सगळं."

मग तिने बटाट्याची गोष्ट सांगितली. मी पोट धरून हसले. वाढणारी बाई विचारायची, बटाटे हवेत का? ही सरळ आपल्यासारखी मान आडवी हलवायची, हो. बाई पुढे जायची. रोज तेच, पोर बटाट्यावाचून उपाशी. शेवटी कोणीतरी सांगितलं की तिकडे उलटं असतं. मान आडवी म्हणजे नाही, वर-खाली म्हणजे हो. काय उलट्या खोपडीची माणसं आहेत! वर-खाली म्हणजे नाही हे आमच्या गाढवालासुद्धा कळतं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता शिकले त्यांच्यासारखी मान हलवायला. आरशात बघून सराव केला."

"हुशार आहेस," म्हटलं. "तिथे राहायचं तर तिथली मान."

मी खिसे शिवते त्या कारखान्यात बायकांना सांगितलं. शिवणाच्या मशीनवर सगळ्याजणी वर-खाली माना करून "हो साहेब, हो साहेब" करत होत्या. खिसे बाजूलाच राहिले.

२२ ऑक्टोबर

आज ओरडले. आधी लिहायचं राहिलं.

राली रडत होती. म्हणाली, "आई, मी बोलायला लागले की सगळे गप्प होतात. काय बोलते ते ऐकायला नाही, कशी बोलते ते ऐकायला."

"मग ऐकू दे की."

"मी इकडे पहिल्यांदा वाचते आहे ते सगळं त्यांचं आधीच वाचून झालंय. इथे सगळेच पहिले आलेले आहेत, आई. सरांनी माझ्या निबंधावर 'मेहनती' लिहिलं."

"मग चांगलंय की!"

"नाही गं. इथे ती शिवी आहे."

तिथे माझं टाळकं सटकलं. मेहनती ही शिवी? मग मी जन्मभर शिवीच आहे. म्हटलं, "रडगाणं लावू नकोस. सगळ्या गावाचा डोळा तुझ्यावर आहे. बोनेव मास्तरांनी तीन वर्षं फुकट इंग्रजी शिकवलं ते काय तू रडावंस म्हणून? तिथे जायला लोक जीव टाकतात!"

तिने नाक ओढलं. मग म्हणाली, "बरोबर आहे तुझं."

झालं. कधीतरी असं खडसावावं लागतं.

१८ नोव्हेंबर

खडसावलं ते लागू पडलं. तेव्हापासून एक तक्रार नाही.

हल्ली फोनवर मीच बोलते, ती ऐकते. तिने लिहून पाठवलं होतं की भिंती पातळ आहेत, शेजारच्यांना त्रास होतो, तू विचार, मी मान हलवेन. कानात ती ऐकायची बोंडं घालून फोनच्या पडद्यावर दिसते आणि बघते माझ्याकडे. मला तर सोपंच झालं. पोर उलट उत्तर देत नाही म्हणजे सुखच.

जेवलीस का? मान वर-खाली. झोप लागते? वर-खाली. मैत्रिणी झाल्या? वर-खाली. वर्गात जातेस ना रोज? वर-खाली. सगळ्याला हो. इंग्रजी मान अगदी पक्की बसली.

एकदाच वेगळं झालं. मी विचारलं, घरची आठवण येते का गं? तर मान आडवी. नाही म्हणे. जरा लागलं मनाला. पण बरंच आहे. आठवण काढत बसणाऱ्यांचं काही होत नाही.

तो पिवळा स्वेटर मात्र तिने बदलायला हवा. प्रत्येक वेळी तोच.

४ डिसेंबर

रालीचा निरोप आला. तिचा निळा कोट नेवेनाला द्यायचा, झ्लाटकाच्या पोरीला. मला कोट आता लागणार नाही, लिहिलंय. चावीची लहानपणीची बाहुली पण नेवेनाला दे. पुस्तकं बोनेव मास्तरांच्या वर्गाला.

लहानपणी ही पोर उष्टी बिस्किटंसुद्धा कोणाला देत नसे. मोठ्या शाळेत मन मोठं झालं म्हणायचं. झ्लाटका कोट घेऊन गेली. "एवढा चांगला कोट, वहिनी? तिकडे थंडी नाही का?" म्हणाली. मी म्हटलं, तिकडचे कोट घेईल, तुला काय.

२५ डिसेंबर

राली नाताळला आली नाही. अभ्यास आहे म्हणून लिहिलं. मला रागही आला आणि बरंही वाटलं. अभ्यास आहे म्हणजे अभ्यास आहे.

काल संध्याकाळी टेबल मांडलं, बिनमांसाचं, रीतीप्रमाणे. घेवडा, भरलेल्या मिरच्या, भोपळा भरलेली गुंडाळी. मिन्चोचं ताट त्याच्या जागी. रालीचंही मांडलं आणि तिच्या ताटापुढे फोन उभा केला, भांड्याला टेकवून. झ्लाटका म्हणाली, "वहिनी, फोन इकडे घे. गेलेल्याच्या ताटाशेजारी नको." दुसरीकडे टेकायला काही नव्हतं. तिथेच ठेवला.

राली दिसली. केस धुतलेले नव्हते. मी नाणं घालून भाजलेला पाव मोडला, तिचा तुकडा फोनपुढे ठेवला. नाणं तिच्याच तुकड्यात निघालं. सगळे ओरडले, वर्षभर नशीब रालीचं!

मग झ्लाटका फोनमध्ये तोंड घालून म्हणाली, "काय गं महाराणी, विसरलीस ना आम्हाला?"

राली बघत राहिली. मग मान हलवली. वर, आणि खाली.

नेवेना खोटं खोटं हसली. मी फोन उलटा करून ठेवला. विसरले म्हणून तोंडावर सांगते, तेही नाताळच्या टेबलावर, बापाच्या ताटाशेजारी बसून! एवढी मोठी झाली का?

१७ जानेवारी

मी फोन केलेला नाही. करणारही नाही. विसरलेल्यांना फोन करत नसतात.

तिचाही आला नाही. आज फक्त निरोप आला. माझ्या सासूची चांदीची पाफ्ती, लग्नातल्या कमरपट्ट्याचं बक्कल, ती नेवेनाला दे, तिचं लग्न ठरतंय ना. मला नाही लागणार.

घ्या. आजीची पाफ्तीसुद्धा नको झाली. कोणी इंग्रज लॉर्ड बघितला असणार, त्याच्या आईला आमची चांदी कशाला चालेल. मी उत्तर दिलं नाही. पाफ्ती पेटीतच आहे. ही वस्तू मी कोणाला देणार नाही, तिने लाख सांगो.

४ फेब्रुवारी

नोव्हेंबरात पाठवलेलं पार्सल परत आलं. भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या, लोकरी मोजे, सगळं जसंच्या तसं. वर चिकटवलंय ते बोनेव मास्तरांनी वाचलं. कोणी घ्यायला आलंच नाही.

"खाली ऑफिसात यायचं असतं. खोलीतून चार जिने उतरून," ते म्हणाले. मग विचारलं, "दोन्का, शेवटचं बोलली कधी तुझ्याशी? मान नव्हे, तोंडाने?"

मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही पण आता झ्लाटकासारखं सुरू करू नका."

घरी येऊन आठवत बसले. आठवेना.

१२ फेब्रुवारी

कुठून सुरुवात करू कळत नाही. तरी लिहिते, कारण ओरडायला समोर कोणी नाही.

आज कारखान्यात इटलीचं गिऱ्हाईक आलं होतं. मॅनेजरने सकाळीच बजावलं, साहेबाने विचारलं तर हो म्हणायला मान वर-खाली करायची, त्यांच्यासारखी, नाहीतर मागच्या वेळेसारखा घोळ होईल. मी सरावही केला. साहेब माझ्या मशीनशी आला, काहीतरी बोलला. बरोबर दुभाषी होती, आपलीच बाई. तिने विचारलं, "ताई, खिसे तयार झाले?"

माझी मान आडवी गेली. साहेबाचं तोंड पडलं. मॅनेजरने डोळे वटारले. दुभाषीने परत विचारलं. परत आडवी.

"आता मोडून घेऊ का मान?" मी म्हटलं. सगळ्या बायका हसल्या.

ती बाई पण हसली. "असू दे, ताई. मी किती वर्षं तिकडे राहिले. त्यांच्या भाषेत कोणी विचारलं की माझी मान त्यांची होते. पण आईने फोनवर आपल्या भाषेत विचारलं की आपोआप आपलीच हलते. मान भाषेमागून जाते."

ती पुढे गेली. माझं मशीन चालूच होतं. खिसा सगळ्या बाजूंनी शिवला गेला, तोंडासकट.

मी रालीला आपल्याच भाषेत विचारते. दुसरी मला येते कुठे?

जेवलीस का? नाही.
झोप लागते? नाही.
मैत्रिणी झाल्या? नाही.
वर्गात जातेस? नाही.
घरची आठवण येते? हो.
विसरलीस ना आम्हाला? नाही. नाही म्हणत होती. नाही म्हणत होती आणि मी फोन उलटा केला.

१३ फेब्रुवारी

फोन उचलत नाही. काल चार वाजल्यापासून करते आहे.

मास्तरांनी मोठ्या शाळेला फोन लावला. तिकडची बाई गोड बोलते म्हणाले. पण मुलगी अठरा पूर्ण आहे, तिच्या परवानगीशिवाय आम्ही कोणाला काही सांगू शकत नाही. "आईला पण नाही?" मी ओरडले. आईला पण नाही. शेवटी दारावर कोणाला तरी पाठवलं. राली आतून म्हणाली म्हणे, मी ठीक आहे. त्यांनी लिहून घेतलं, ठीक आहे.

"दार उघडलं का?" मी विचारलं.

मास्तरांनी तेच तिकडे विचारलं. मग फोन खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

झ्लाटका आली. कोट परत घेऊन आली होती. घडी घालून टेबलावर ठेवला. "वहिनी, हा तिचा आहे," एवढंच म्हणाली. मग ती बाहुली पण पिशवीतून काढली. तिला मी मूर्ख म्हणत आले जन्मभर.

मास्तरांनी उद्याच्या विमानाचं बघितलं. मी कधी विमानात बसलेली नाही.

स्टँडवर जाताना बेकरीपाशी थांबले. पावसाने निळी चौकट धुऊन गेली आहे, उरलंय ते काळपट. अर्ध्या फोटोवर कोणा नव्या मेलेल्याचा कागद चढलाय. रालीचा कागद नखांनी खरवडून काढला. पूर्ण निघेना, कपाळाचा तुकडा भिंतीलाच राहिला. बेकरीवाला बाहेर आला, "अगं काय करतेस?" मी त्याच्याकडून सुरी मागून घेतली आणि तोही काढला.

१५ फेब्रुवारी

परतीच्या वाटेवर विमानतळावर बसून लिहिते आहे. क्रमाने लिहिते, नाहीतर जमणार नाही.

मोठी शाळा दगडाची आहे. गवत असं कापलेलं की त्यावर पाय ठेवायला भीती वाटावी. दारावरच्या माणसाला मी मास्तरांनी लिहून दिलेला कागद दाखवला. त्याने एका बाईला बोलावलं. चाव्या तिच्याकडे. चार जिने. बाई पुढे, मी मागे. ती हळू चालत होती आणि मला तिला ढकलावंसं वाटत होतं.

तिने दार वाजवलं. काही नाही. परत वाजवलं. मी दारावर दोन्ही हात आपटले. "राली! आई आहे! उघड, नाहीतर दार मोडेन!" बाई घाबरली, पण चावी लावली.

पडदे ओढलेले. कोंदट वास. राली पलंगावर बसलेली, तोच पिवळा स्वेटर. एवढीशी झालेली. माझ्याकडे बघितलं, पण मी आले हे तिला खरं वाटलं नसावं.

टेबल मात्र लख्ख. त्यावर तिच्या वस्तू ओळीने लावलेल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. घड्याळावर नेवेना. पेनावर बोनेव सर. रुमालावर झ्लाटका आत्या. शेवटी एक कागदाची पुडी, त्यावर आई. मला वाचायला वेळ लागतो, पण हे लगेच वाचता आलं. ती पुडी मी उघडली नाही. कचऱ्याच्या टोपलीत टाकली आणि टोपली दाराबाहेर ठेवली.

पिशवीत तिचे कपडे भरायला लागले. चाव्यावाली बाई मध्ये आली. रालीपुढे वाकून हळू आवाजात, त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. त्यातले दोन शब्द मला कळले, होम आणि मदर.

रालीने मान हलवली. आडवी.

बाई माझ्याकडे वळली. चेहरा वाईट वाटल्यासारखा, हात पसरलेले. नो, म्हणाली. नो मला येतं.

मी तशीच उभी राहिले, हातात स्वेटर घेऊन. बाईने त्यांच्या भाषेत विचारलं होतं, म्हणजे मान त्यांची. पण मी समोर उभी होते, म्हणजे मान आपली. इतके महिने मी हिची मान चुकीची वाचली. आता परत चुकले तर?

"राली," मी म्हटलं, "मान नको. तोंडाने सांग."

तिचे ओठ हलले. आवाज आला नाही. प्रयत्न करत होती, दिसत होतं.

मग मी तिला पलंगावरून उठवलं. दाराशी ते पांढरे बूट होते, तळसुद्धा फारसे झिजलेले नव्हते. गुडघ्यावर बसून तिच्या पायात घातले, नाड्या बांधल्या. बरोबर आणलेला निळा कोट अंगावर चढवला. मोरीवरचा पेला भरला आणि दार उघडून उंबऱ्यावर ओतला, सगळाच्या सगळा. पाणी त्यांच्या लाल गालिच्यावर पसरलं.

बाई किंचाळली. गालिच्याकडे बोट करून खूप काही बोलली. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

राली पाण्याकडे बघत होती. कडेला जागा होती, जाता आलं असतं.

मी हात पुढे केला नाही. ओरडले नाही.

तिने पाय उचलला. उजवा. पाण्याच्या अगदी मधोमध ठेवला.